अँडरसन आणि 'साधाभोळा' हे विशेषण

(चर्चेतली चार टोपणनावं : पायवाट, तळटीप, नाखवा, हलंत)

पायवाट : गदिमांचं 'एका तळ्यात होती' ऐकताना वाटलं, ते वेडं पिल्लू म्हणजे खुद्द मूळ गोष्ट लिहिणारा डॅनिश परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसन. ओडेन्समधल्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, आई लोकांचे कपडे धुणारी. 14व्या वर्षी एकटा कोपनहेगनला गेला आणि मेहनतीच्या जोरावर राजहंस झाला. जन्मभर साधाभोळा, मुलांत रमणारा.

तळटीप : मेहनतीच्या जोरावर? मूळ कथेत पिल्लू काही शिकत नाही, काही कमावत नाही. टोचे खातं, थंडी काढतं आणि वसंतात पाण्यात बघतं तर हंस! हंसाच्या अंड्यातून निघालात तर बदकांच्या अंगणात जन्मल्याने काही बिघडत नाही, असं गोष्टच सांगते. कष्टांचा संबंध काय?

आणि 'मुलांत रमणारा' कुठून आणलंत? 1835च्या पहिल्या पुस्तिकेवर 'मुलांसाठी सांगितलेल्या' असे शब्द होते. 1843च्या संग्रहापासून, म्हणजे याच पिल्लाच्या गोष्टीपासून, त्याने ते काढून टाकले. साबी या शिल्पकाराने पुतळ्याच्या आराखड्यात अंगाला पोरं चिकटवली, तर हा मरणाच्या दारात असताना त्यावर भडकला. कोपनहेगनच्या राजोद्यानात आज पुतळा एकटाच बसलाय.

भोळेपणाचं म्हणाल तर 1857 साली इंग्रज कादंबरीकार डिकन्सकडे फार तर दोन आठवडे म्हणून गेला आणि पाच राहिला. रोज दाढी करायला घरातला मुलगा मागितला. स्वतःच्या कादंबरीवर वाईट परीक्षण आलं म्हणून हिरवळीवर पडून रडला. तो गेल्यावर डिकन्सने खोलीतल्या आरशावर चिठ्ठी लावली, की अँडरसन इथे पाच आठवडे झोपला, घरच्यांना ते युगांसारखे वाटले.

नाखवा : झालं, आली डिकन्सची चिठ्ठी! अँडरसनचा विषय निघाला की दोनच वस्तू बाहेर येतात, ती चिठ्ठी आणि आग लागली तर खिडकीतून उतरायला म्हणून सोबत नेलेला दोरखंड. त्या उन्हाळ्यात डिकन्सच्या घरात नाटकाची धांदल होती आणि संसार मोडायला आला होता. पुढच्याच वर्षी नवरा-बायको वेगळी झाली. पाहुण्याला धड इंग्रजी येत नव्हतं. त्याला काय कळणार घरात काय शिजतंय?

कष्ट नव्हते म्हणता? 1822 साली, 17व्या वर्षी, स्लागेल्सच्या शाळेत लहान पोरांच्या बाकावर बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग चारचौघांत पाणउतारा करायचा, कविता लिहायला बंदी. तरी 1828 मध्ये परीक्षा काढलीच.

तळटीप : शाळेचा खर्च राजाच्या निधीतून, त्याचा आश्रयदाता, सरकारी अधिकारी योनास कोलिन याच्या शब्दावर. 1838 पासून वर्षाला 400 रिग्सडालर (तेव्हाचं डॅनिश चलन) तनखा. बरं पिल्लू!

हलंत : कोलिन निघालेच आहेत तर महत्त्वाचं बोलू. डॅनिशमध्ये 'दू' म्हणजे आपलं तू आणि 'दी' म्हणजे तुम्ही. 1831 मध्ये अँडरसनने योनासच्या मुलाला, एडवर्डला, पत्र लिहून विनंती केली, आपण एकमेकांना 'दू' म्हणू या. एडवर्डने लांबलचक नकार धाडला. त्यात दाखला काय दिला? एका बाईला करड्या कागदाची इतकी शिसारी होती, की तो दिसला की ओकारी यायची; तसंच मला या 'दू'चं होतं.

अँडरसनची 1847ची कथा 'सावली' आता वाचा. विद्वान आपल्याच सावलीला म्हणतो, अरे-तुरे करू या. सावली म्हणते, काहींना करडा कागद हाताला सहन होत नाही, तसं तुम्ही मला 'तू' म्हणालात की होतं. मी मात्र तुम्हाला 'तू' म्हणेन. 16 वर्षं जपलेला करडा कागद! शेवटी सावली राजकन्येशी लग्न करते आणि विद्वानाचा जीव जातो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'यू', म्हणून तिथे अनुवादक 'पहिल्या नावाने हाक मारा' वगैरे कसरती करतात. मराठीत तू-तुम्ही आयतं आहे, तरी इंग्रजीवरून भाषांतर केलं की तीच कसरत इकडे येते. माझा राग अँडरसनवर नाही, या अनुवादकांवर आहे.

नाखवा : शंभर टक्के! आणि 'तुम्ही मला तू म्हणा' हे वाक्य मराठीतच खरं लागतं.

पायवाट : मूळ मुद्दा पिल्लाचा होता.

तळटीप : सूड उगवायला 16 वर्षं थांबणारा भोळा? त्याची कागदी कातरकामं बघ. आधी रेघ मारायची नाही. कागद दुमडायचा, भली मोठी कात्री घ्यायची, गोष्ट सांगत कापायचं आणि शेवटी उलगडायचं. घडीची कड शाबूत राहिली नाही तर चित्राचे दोन तुकडे हातात येतात. बोलताबोलता हे सांभाळणारा माणूस पक्का हिशेबी असतो. तुझ्या डोक्यात शिरतंय का?

पायवाट : अरे-तुरे करू नका.

हलंत : एडवर्ड आला!

नाखवा : तळटीप, आईचं मात्र तुम्ही सोयीने वगळलंत. ती 1833 मध्ये दारूपायी गेली. 1852च्या कथेत गार पाण्यात उभं राहून कपडे धुणारी बाई ऊब यावी म्हणून पिते, आणि गावचा महापौर तिला कुचकामी ठरवतो. शेवटी मुलाच्या प्रश्नावर म्हाताऱ्या मारेनच्या तोंडून ती कामाची होती हे वदवून घेणाऱ्याला हिशेबी म्हणता?

तळटीप : ती कथा चांगली आहे. बस्स, इतकंच. आईचा मुद्दा तुमच्यासाठी सोडतो, डिकन्सचा सोडणार नाही.

पायवाट : 'मेहनतीच्या जोरावर' काढलं. 'साधाभोळा'च्या जागी 'हळवा' लिहिलंय. 'मुलांत रमणारा' राहू दे, मुलं तरी रमलीच त्याच्यात.

हलंत : एडवर्ड आणि त्याची बायको हेन्रिएट यांना पुढे अँडरसनच्याच कबरीत पुरलं होतं. नंतर त्यांना उचलून कोलिनांच्या खानदानी जागेत नेलं. तिथेही 'दी'च.