फायरप्लेस पेटवली की पहिला धूर घरातच येतो, काय करावं?

धूरग्रस्त:
नवीन राहायला आलो त्या घरात विटांची जुनी फायरप्लेस आहे, गॅसची नाही, ओंडके घालायची. पेटवली की सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं धूर वर जायच्या ऐवजी सरळ हॉलमध्ये, डोळे चुरचुरतात, स्मोक अलार्म बोंबलायला लागतो, आणि मग एकदा जाळ नीट धरला की बऱ्यापैकी वर ओढला जातो. डँपर (चिमणीच्या तोंडाशी असलेली उघड-बंद करायची झडप) पूर्ण उघडा असतो, हात घालून बघितलंय. लाकूड यंदाच तोडलेलं आहे, बाहेर ताडपत्रीत सगळीकडून गुंडाळून ठेवलंय. टॉर्च मारून वर बघितलं तर चिमणीच्या आतल्या भिंतीला काळं काहीतरी चिकटलंय, काही ठिकाणी चकचकीत आहे.

अजून दोन शंका. रात्री झोपताना डँपर अर्धा लावून एखादा मोठा ओंडका धुमसत ठेवला तर सकाळपर्यंत ऊब राहील का? आणि राख रोज काढायची असते का?

उलटा_वारा:
सुरुवातीलाच धूर येतो आणि नंतर थांबतो म्हणताय ना, मग चिमणीतली हवा थंड असणार. थंड हवा जड, ती आत बुचासारखी बसते आणि खाली यायला बघते, तुमचा धूर तिला ढकलू शकत नाही. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर हे जास्तच होतं कारण ती तीन बाजूंनी थंडीत उभी असते. उपाय सोपा आहे, ओंडके पेटवायच्या आधी वर्तमानपत्राचा कागद पिळून त्याची मशाल करा आणि डँपरच्या तोंडाशी थोडा वेळ धरा, धूर वर ओढला जायला लागला की मगच खालचं पेटवा.

दुसरं, त्या वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट किंवा बाथरूमचा पंखा चालू असतो का? हल्लीच्या घरांच्या खिडक्या-दारं एवढी घट्ट असतात की पंखा बाहेर टाकतो ती हवा आत यायला वाट फक्त चिमणीचीच उरते. पंखे बंद करा, फायरप्लेसजवळची एक खिडकी बोटभर उघडा.

आणि रचना उलटी करून बघा. जाड ओंडके खाली, त्यावर मध्यम, त्यावर बारीक ढलप्या आणि सगळ्यात वर काटक्या नि कागद, आणि वरून पेटवायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो पण जाळ वर असल्यामुळे चिमणी लगेच तापते आणि खालच्या लाकडाचा धूर जाळातून जाताना जळून जातो. पुन्हा पुन्हा फुंकत बसावं लागत नाही हा फायदा वेगळाच.

चिमणीची उंची कमी असेल असंही कोणीतरी सांगेलच. नियम असा की छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा २ फूट वर. पण उंची कमी असती तर नंतरही अधूनमधून धूर आला असता, विशेषतः वारा असताना. तुमचं तसं दिसत नाही.

कुऱ्हाड_आणि_मी:
वरचं सगळं ठीक पण यंदा तोडलेलं लाकूड हे वाचून मी तिथेच थांबलो. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं, म्हणजे जाळाची बरीचशी शक्ती आधी ते पाणी उकळून वाफ करण्यात जाते, उरलेल्या मंद आगीत धूर जास्त आणि ऊब कमी. जाळायचं लाकूड २० टक्क्यांच्या खाली ओलाव्याचं हवं. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन टोकं लाकडात खुपसायची, फक्त वरून मोजू नका, ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला मोजा, बाहेरून सगळेच वाळलेले दिसतात. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेलं टणत्कार करतं, ओलं धप्प करतं. टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सुटायला लागते, हातात हलकं लागतं.

ताडपत्रीत गुंडाळणं आजच बंद करा, ओल आत कोंडते आणि बुरशी येते. फोडून ठेवा (अख्खा ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षं ओला राहतो), जमिनीपासून उचलून फळ्यांवर रचा, फक्त वरून झाका, बाजू वाऱ्याला मोकळ्या. पाइनसारखं मऊ लाकूड सहा महिने ते वर्षात तयार होतं, ओकसारख्याला दोन वर्षंही लागतात. यंदापुरतं वाळलेलं विकतच आणावं लागेल, त्याला इलाज नाही.

शंकासुर_२:
पाइन कशाला सांगताय, त्यातल्या राळेने चिमणी काळी होते असंच ऐकलंय सगळीकडून.

कुऱ्हाड_आणि_मी:
ऐकलंय सगळ्यांनीच. चिमणीला चिकटतो तो न जळलेला धूर, आणि तो होतो ओल्या लाकडाने आणि कोंडलेल्या हवेने. ओला ओक वाळलेल्या पाइनपेक्षा जास्त घाण करेल. पाइन भसाभस जळून संपतं, ठिणग्या उडवतं, म्हणून पुढे जाळीचा पडदा लावायचा, एवढाच त्याचा दोष. पेटवायला तर तेच उत्तम. जे खरंच जाळायचं नाही ते म्हणजे रंगवलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड, प्लायवूड, गुळगुळीत छापील कागद, प्लास्टिक. जुन्या औषधी लाकडात आर्सेनिकसुद्धा असतं, ते धुरात आणि राखेत दोन्हीकडे येतं.

लालवीट:
मंडळी, मशाल काय नि पाइन काय, त्यांनी चकचकीत काळं दिसतंय असं लिहिलंय ते कोणी वाचलंच नाही का?

धूरग्रस्त, चिमणी साफ होईपर्यंत अजिबात पेटवू नका. धूर थंड भिंतीला लागला, साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि डांबरासारखे पदार्थ तिथेच घट्ट होऊन बसतात, त्याला क्रिओसोट म्हणतात. आधी ती भुसभुशीत काजळी असते, ब्रशने निघते. मग कडक पापुद्रे होतात. आणि दुर्लक्ष चालूच राहिलं की काचेसारखा चकचकीत थर, तो साध्या ब्रशने निघत नाही, त्याला फिरती साखळी किंवा केमिकल लागतं आणि कधी कधी लायनर, म्हणजे चिमणीचं आतलं अस्तरच, बदलावा लागतो. हा थर म्हणजे इंधन आहे. एखाद्या दिवशी जाळ जोरात झाला की तोच पेट घेतो, चिमणीच्या आत तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकतं, मातीचे लायनर तडकतात आणि भेगेतून आग घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोचते. वरून घोंघावल्यासारखा मोठा आवाज, चिमणीच्या टोकातून ठिणग्या नि दाट धूर, अशी लक्षणं दिसली तर सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा, पाणी ओतत बसू नका, तापलेल्या विटांवर पाणी पडलं की त्या तडकतात आणि वाफेने माणूस भाजतो.

तुमच्या रात्रीच्या ओंडक्याचं उत्तरही यातच आहे. हवा कोंडून धुमसत ठेवणं म्हणजे क्रिओसोट बनवायचा कारखानाच. शिवाय अर्धा डँपर लावला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत यायला लागतो, त्याला ना वास ना रंग, आणि तुम्ही झोपलेले. छोटा, भगभगीत जाळ ठेवा, तो विझू द्या, निखारे पूर्ण गार होईपर्यंत डँपर उघडाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा लागतो, धुराचा त्यासाठी चालत नाही (दोन्ही एकत्र असलेला घेतला तर गोष्ट वेगळी).

वर्षातून एकदा तपासणी, वापर असो नसो, अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या चिमण्यांसाठीच्या २११ क्रमांकाच्या मानकातही तेच सांगितलंय. थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई, चकचकीत असेल तर जाडी बघायचीच नाही. घर नवीन घेतलंय म्हणजे कॅमेरा आत सोडूनच तपासून घ्या, आधीच्या लोकांनी कधी आग लागून काय तडकवून ठेवलंय ते खालून टॉर्चने दिसत नाही. वर टोपी आणि जाळी आहे का तेही बघायला सांगा, पक्ष्यांची घरटी हेही धूर परत यायचं एक कारण असतं.

धूरग्रस्त:
बापरे. पेटवणं बंद. एक्झॉस्ट चालूच असतो आमचा, ते लक्षातच आलं नव्हतं. चिमणी साफ करणारे तयार ओंडके मिळतात ते जाळले तर माणूस बोलवायची गरज पडणार नाही का?

लालवीट:
पडेल. ते थर कोरडा आणि ठिसूळ करतात, काढत नाहीत. सुटलेले पापुद्रे वळणावर साठले तर वाट अजूनच बंद. आणि आत्ता ते जाळायलाही आग लावावीच लागणार ना? आधी माणूस बोलवा.

उलटा_वारा:
मान्य, चकचकीत शब्दावरून माझी नजर घसरली. साफ झाल्यावर मग मशाल.

एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा, उघड्या फायरप्लेसमधली बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९०च्या दशकातच उथळ आणि तिरक्या भिंतींच्या फायरप्लेस सुचवल्या होत्या, का तर उष्णता खोलीकडे परतावी म्हणून. खरंच घर तापवायचं असेल तर त्याच जागी बसणारा दाराचा बंद स्टोव्ह बसवून घ्या, लायनरसकट.

राखरांगोळी:
राखेचं राहिलंच की. रोज काढू नका, इंचभर राखेची गादी असली तर निखारे टिकतात आणि पुढचा जाळ लवकर धरतो, त्यापेक्षा वाढली की काढा. सीझन संपला की मात्र सगळी काढायची, राख ओल धरते आणि लोखंडी जाळी, डँपर गंजतात.

काढताना पत्र्याची झाकणवाली बादली, प्लास्टिकची किंवा कागदी पिशवी कधीच नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही. राखेखाली निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो. बादली घराबाहेर, लाकडी डेकवर नाही, दगड-काँक्रीटवर, भिंतीपासून लांब. गार झालेली राख बागेत थोडी थोडी पसरता येते पण ती अल्कलीयुक्त असते, ब्लूबेरी, अझेलिया असली आम्ल माती लागणारी झाडं असतील तर त्यांच्या बुडाशी टाकू नका.