एलएलपीचा दंड: मर्जी की नुसता गुणाकार?

कोथरूडची वकीलबाई: काल एक पोस्ट वाचली, ‘एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेला) किती दंड लावायचा ही कंपनी रजिस्ट्रारची मर्जी’. साफ चूक! एलएलपी कायद्याचं दंड ठरवण्याबद्दलचं कलम ७६अ १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. फॉर्म ८ (वार्षिक हिशेब) किंवा ११ (वार्षिक विवरणपत्र) थकला की दिवसाला १०० रुपये. एलएलपीला कमाल १ लाख, प्रत्येक डेझिग्नेटेड पार्टनरला (कायदेशीर पूर्ततेची जबाबदारी असलेल्या भागीदाराला) कमाल ५० हजार. म्हणणं मांडायची संधी असते, वर अपीलही. मर्जी कुठे आली यात?

मिरजकर: पोस्ट माझीच. ताई, नियमात लिहिलंय ना, दंड ठरवताना एलएलपीचा आकार, धंद्याचं स्वरूप, चूक पुन्हा झाली का, कुणाचं नुकसान झालं का, हे बघायचं? आमच्या आदेशात यातलं अक्षर नाही. दोन वर्षं धंदा शून्य. दिवस मोजले, शंभराने गुणले. आणि फॉर्म थकवला तो आमच्या सीएने, फी आगाऊ घेऊन!

सीए, नाशिक: आलं का शेवटी सीएवर? फॉर्म ११ ची मुदत ३० मे, फॉर्म ८ ची ३० ऑक्टोबर, दरवर्षी तीच. मी सप्टेंबरपासून फोन करतो, पार्टी २९ ऑक्टोबरला रात्री कागद पाठवते. त्यात डीएससीची (डिजिटल सहीची) मुदत संपलेली.

मिरजकर: आमचे कागद जूनमध्येच दिले होते. पोच आहे माझ्याकडे.

सीए, नाशिक: मग तुमचा सीए चुकला. सगळ्यांना त्यात ओढू नका.

दोन भागीदारांपैकी एक: भांडा खुशाल, पैसे आमचेच जातात. २०२२ च्या आधी लेट फी रोज १००, तीही फॉर्ममागे आणि कमाल मर्यादेविना. आम्ही भांडवलापेक्षा जास्त लेट फी भरलीय. दंड त्याहून वेगळा!

कोथरूडची वकीलबाई: लेट फी (उशिरा फॉर्म भरताना द्यायची) आणि दंड (आदेशाने लागतो तो) एकत्र कालवू नका. मिरजकर, भागीदारांचं योगदान (भांडवल) २५ लाखांच्या आत आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर तुमची एलएलपी छोटी ठरते. दंड निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही. तेवढा कमी केलाय का?

मिरजकर: नाही. पूर्ण लावलाय.

कोथरूडची वकीलबाई: मग तुमचं निम्मं खरं. मर्जी नव्हे, पण आदेश डोळे झाकून काढलाय. प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत प्रादेशिक संचालकांकडे अपील करा.

मिरजकर: आज ५२वा दिवस. निम्मं खरं म्हणालात, तेही पुष्कळ झालं. मसुदा उद्या पाठवतो, वाचाल का?