वसतिगृहाचा दरवाजा लवकर बंद केल्याने विद्यार्थिनी सुरक्षित होतात का?

मृणाल_द :
जून २०२३ मध्ये मुंबईतील चर्नी रोडच्या सावित्रीबाई फुले मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. संशय होता तो तेथेच अनेक वर्षे काम करणाऱ्या सुरक्षारक्षकावर, आणि त्याचाही मृतदेह त्याच दिवशी रेल्वे रुळांवर सापडला. सुट्टीमुळे बहुतेक मुली गावी गेल्या होत्या आणि ती चौथ्या मजल्यावर एकटीच राहत होती. मुख्य दरवाजा किती वाजता बंद होतो, याचा या घटनेशी काडीमात्र संबंध नव्हता. तरीही अशी घटना घडली की कोठे ना कोठे परत येण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली जाते, कारण त्यासाठी सूचनाफलकावर एक कागद लावला की काम भागते. माझे मत असे आहे की मुलींवरची ही वेळमर्यादा रद्द करावी आणि रात्री इमारतीत कोण असते, किल्ल्या कोणाकडे असतात, याचा हिशेब प्रशासनाकडे मागावा.

लातूरचा पालक :
आपला संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही. माझी मुलगी पुण्यात शिकते. रात्रीच्या हजेरीला ती नसेल, तर दहा मिनिटांत मला फोन येतो. वेळच नसेल, तर ती परतली नाही हे कोणाच्या आणि कधी लक्षात येणार? मुंबईत आतला माणूस निघाला, म्हणून बाहेरचा धोका संपला असे होत नाही. शिवाय खेड्यातले कितीतरी बाप केवळ या नियमाच्या भरवशावर मुलीला शहरात पाठवतात, हे विसरून चालणार नाही.

मृणाल_द :
हजेरीला माझा विरोध नाही, कोंडण्याला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांनुसार, सुरक्षेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येत नाहीत. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी २०२२ मध्ये रात्री साडेनऊच्या बंधनाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा न्यायालयानेही बंधन फक्त मुलींनाच का, असेच विचारले होते.

निवृत्त रेक्टर :
दोघेही दरवाजापाशीच अडकला आहात. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीवरून पडून मरण पावला आणि रॅगिंगच्या आरोपाखाली आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. नवागतांची राहण्याची सोय वेगळी करावी आणि वसतिगृहाला अचानक भेटी द्याव्यात, हे २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांतच लिहिलेले आहे. आमच्याकडे ‘अचानक’ भेटीची वर्दी आदल्या संध्याकाळीच शिपायामार्फत पोहोचत असे आणि शिक्षण संपलेले दोन-तीन ‘पाहुणे’ तेवढ्यापुरते गच्चीवर जात. माझे स्पष्ट मत आहे की जिन्यात व मार्गिकेत कॅमेरे हवेतच, मग विद्यार्थी खासगीपणाच्या नावाने कितीही ओरडोत.

गच्चीवरचा :
सर, कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. रात्री दोन वाजता तो पाहायला कोण बसते? बहुधा तोच रक्षक, ज्याच्या नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी झाली की नाही हे वसतिगृहात कोणी सांगू शकत नाही, कारण त्याला कंत्राटदाराने पाठवलेले असते.

लातूरचा पालक :
पडताळणी करा, कॅमेरेही लावा. पण दहाची वेळ काढू नका.

निवृत्त रेक्टर :
वेळेचे काय ते विद्यार्थिनींना विचारून ठरवा. मे महिन्यात मात्र मागे राहिलेल्या सगळ्या मुलींना एकाच मजल्यावर आणून, रात्रपाळीला महिला कर्मचारी ठेवण्यास यांपैकी कोणत्याच मताची अडचण नाही. त्याला खाटा हलवण्यापलीकडे फारसा खर्च नाही. तरीही सुट्टीत ‘मेस बंद’ एवढीच सूचना लागते.