गावात पाण्यावर चर्चागट सुरू करायचाय, दोनदा फसलाय, कुणी चालवलाय का?

माणदेशी_पोरगा
नमस्कार मंडळी. माण तालुक्यातलं गाव आहे माझं, तीनशेच्या आसपास उंबरा. एप्रिल लागला की नळाला सहाव्या दिवशी पाणी, त्यातही खालच्या आळीला भरपूर आणि वरच्या वस्तीला घागरभर. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे २४० जणांचा, पण पाण्याचा विषय काढला की दहा मिनिटात कोण कुठल्या पार्टीचा यावर गाडी जाते आणि मग दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. देवळासमोर दोनदा बैठक घेतली, पहिल्या वेळी चाळीस जण आले, दुसऱ्या वेळी अकरा, बाई एकही नाही, आणि बोलले तिघंच, बाकीचे मान डोलवून घरी गेले. ग्रामसभेत मांडावं तर गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही, म्हणजे शेवटी दहा माणसांत ठराव होऊन जातात. माझी आई अजून पहाटे चारला उठून नळापाशी बसते हो, म्हणून मनापासून विचारतोय. कुणी असा गट चालवला असेल तर सांगा, कुठं बसायचं, कुणाला बोलवायचं, सुरुवात कशानं करायची?

झाडीपट्टी
भाऊ, आमच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे, "मावा नाटे मावा राज" (आमच्या गावात आमचं राज) वालं, ऐकलं असेलच. २००९ ला त्यांना जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ ला जयराम रमेश केंद्रात पर्यावरण मंत्री असताना स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. लोकांना एवढंच माहीत असतं. पण त्याच्या आधी वीसेक वर्षं गावात अभ्यासगट चालू होते, देवाजी तोफा गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून येऊन सोबत बसणारे. त्या गटाची खरी गंमत ही की तिथं निर्णय घ्यायचाच नाही. फक्त समजून घ्यायचं, कायदा काय, जंगलात काय आहे, कागद कुठं अडकला. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं, एक माणूस जरी नाही म्हणाला तर विषय पुढच्या सभेला. तुमच्या बैठकीत पहिल्याच दिवशी "काय करायचं ते ठरवा" असं झालं असेल ना? मग माणूस पार्टी घेऊनच येतो. ठरवायचं नाहीये हे आधीच सांगितलं की लोक मोकळं बोलतात, हे मी स्वतः बसून पाहिलंय.

अंगणवाडीवाली_ताई
दादा, देवळासमोर संध्याकाळी सातला बाई कशी येणार, तेव्हा तिची चूल पेटलेली असते. आणि पाणी भरते कोण? ज्यांना पाण्याचं सगळं ठाऊक त्याच नाहीत तुमच्या बैठकीत. आमच्याकडे आम्ही वेगळी बैठक बोलवलीच नाही, बचत गटाची महिन्याची बैठक दुपारी असतेच, हप्ते गोळा झाले की पुढचा अर्धा तास पाण्यावर. दुसरं म्हणजे आम्ही भांडलो नाही, मोजलं. प्रत्येक बाईनं पोराच्या वहीत पंधरा दिवस लिहिलं, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, किती हंडे भरले. आधी सगळ्यांना वाटायचं पाणी सोडणारा माणूस खालच्या आळीचा आहे म्हणून तसं करतो. वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की खालची लाईन चालू असेस्तोवर वरती दाबच येत नाही, आणि खाली बऱ्याच घरांनी नळाला डायरेक्ट मोटारी लावल्यात. बिचाऱ्या त्या माणसाला आम्ही दोन वर्षं नावं ठेवत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं. मोटार कुणाची हे बैठकीत एकदाही घेतलं नाही, फक्त "इतक्या मोटारी आहेत" एवढंच मांडलं, काहींनी आपणहून काढल्या, बाकीच्यांसाठी ठराव करावा लागला. वरच्या वस्तीला आधी पाणी आणि ते बंद झाल्यावर खाली, एवढा एकच बदल, एक रुपया खर्च नाही. हो, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, बहुतेक ठिकाणी ती नुसती सह्या घेऊन कागदावर होते. ती खरी भरवा. तिथला मुद्दा ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा आणि इतिवृत्तात आला का ते तिथंच बघा, नंतर नाही.

नगरी_माणूस
ताईंचं वह्यांचं फार पटलं. पण नळाच्या पुढं जाऊन विहिरीचंही बोला, कारण झऱ्यालाच पाणी नसेल तर वाटणी कसली करणार. आमच्याकडचं हिवरे बाजार बघा, पोपटराव पवारांचं गाव, तिथं पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडतात, पाणी कमी असेल तर कुठली पिकं घ्यायची नाहीत ते तिथंच ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. तुम्ही निदान चार विहिरींची पातळी दोरी सोडून दर पंधरवड्याला मोजा आणि शाळेच्या भिंतीवर लिहा. भिंतीवरचा आकडा कुठल्या पार्टीचा नसतो. एक मात्र झाडीपट्टी यांच्याशी पटत नाही, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर थांबायचं हे मे महिन्यात कसं जमायचं? टँकर उद्या पाहिजे असतो.

झाडीपट्टी
बरोबर आहे तुमचं, टँकरला थांबायचं नाहीच, तो पंचायतीनं मागवायचाच. मी म्हणतो ते बोअरबंदी, मोटारी, पाणीपट्टी असल्या गोष्टींबद्दल, ज्या रोज पाळायच्या असतात. बहुमतानं बोअरबंदी केली तर हरलेली माणसं रात्री गाडी आणून बोअर पाडतात, ते कोण अडवणार? उशीर लागला तरी नाराज माणसाच्या घरी जाऊन बसावं लागतं.

माणदेशी_पोरगा
खूप खूप आभार सगळ्यांचे, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली वह्यांचं तिच्या बचत गटात ती स्वतः काढते, मी मध्ये पडायचं नाही, पुरुष आला की बायका गप्प होतात. मी आणि दोन मित्र विहिरींची दोरी धरतोय, हेडमास्तरांना भिंतीचं विचारलंय, ते हो म्हणालेत. ताई, एक सांगा, वहीत मोटार लावलेल्या घरानं खोटं लिहिलं तर तुम्ही काय केलं?

अंगणवाडीवाली_ताई
काहीच नाही केलं दादा. शेजारणीची वही असतेच ना, दोन्हीत तासाचा फरक पडला की सगळ्यांच्या लक्षात येतं, बोलायला लागत नाही. पंधरा दिवस कमी वाटले तर महिनाभर लिहा, पण एप्रिलच्या आत सुरू करा.