‘रिपोर्ट करा’ या बटणावर मराठीत काय लिहावं?

ओहोटी (मालवण): जाळ्यात कासव अडकलं आणि जाळं कापून ते जिवंत सोडलं, तर मच्छीमाराला वन विभागाकडून भरपाई मिळते. डिसेंबर २०१८ पासूनची योजना आहे, जास्तीत जास्त २५,००० रुपये. पुरावा म्हणून फोटो लागतात. ही माहिती होडीवरूनच भरता यावी म्हणून आम्ही एक अ‍ॅप करतोय. पहिले स्क्रीन कागदावर काढून बंदरावर दाखवले. बटण होतं ‘घटना नोंदवा’. एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, वाचून विचारलं, “ह्या पोलिसांचा मा?” दुसऱ्या फेरीत ‘अहवाल सादर करा’ लिहिलं, तर त्या बटणाकडे कोणी वळलंच नाही. आता काय लिहू?

खाडीकाठ: तांडेलाची शंका पोकळ नाही. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्यात ‘नोंदवणे’ म्हटलं की पुढे गुन्हा नाहीतर जबाब, एवढंच डोक्यात येतं. ‘नोंद करणे’ तसं नाही. मच्छीमार सोसायटीत डिझेलची नोंद सगळेच करतात, त्याला कोणी बिचकत नाही.

सुकं बोंबील: अहवाल म्हणजे मुळात अरबी ‘हाल’चं अनेकवचन, ‘हालहवाल’मधल्या हवालाचा भाऊबंद. मराठीत आल्यावर मात्र तो मागाहून, टेबलाशी बसून लिहायचा कागद झाला. वार्षिक सभेत वाटतात तो. हलत्या होडीवर, ओल्या हाताने कोण अहवाल देणार?

वल्हं: ‘वर्दी’ का नको? अग्निशमन दलाला वर्दीच मिळते. नेमका शब्द आहे.

सुकं बोंबील: नेमका होता. आता रिक्षावाल्याला विचारा, वर्दी म्हणजे शाळेची पोरं. आणि हिंदी सिनेमाने त्या शब्दाला खाकी चढवली ती वेगळीच. पोलीस टाळायचे म्हणून निघालात ना?

खाडीकाठ: मग सरळ ‘कळवा’.

ओहोटी: हा शब्द दाखवून आलो. भीती गेली, पण लगेच प्रश्न आला, “कोणाक कळवूचा?” कळवण्याला समोर माणूस लागतो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मग बटण झाकलं आणि विचारलं, असं झाल्यावर किनाऱ्यावर येऊन तुम्ही काय सांगता? उत्तर आलं, “कासव गावला, सोडला.” आता बटणावर आज्ञार्थ नाहीच. ‘कासव सोडलं’ एवढंच. बघितल्याबरोबर दाबतात.

वल्हं: ‘सोडले’ लिहा, सरकारी कामाला ते बरं.

खाडीकाठ: नको. ‘सोडले’ वाचलं की पुन्हा अर्जच आठवतो. जाता जाता, या सुधारणांना ‘फेरी’च म्हणत राहा. कुणीतरी ‘पुनरावृत्ती’ सुचवेल, पण तिचा अर्थ तेच पुन्हा करणं.

सुकं बोंबील: कासव मेलेलं निघालं तर? ‘सोडलं’ दाबून चालणार नाही.

ओहोटी: नाही चालणार, भरपाई जिवंत सोडल्याची आहे. त्यासाठी खाली दुसरं बटण ठेवतोय, ‘मेलेलं गावलं’. ‘मृत’ लिहिलं होतं, ते बंदरावरच खोडलं.