नाताळच्या मिठाया आणि त्यांचे ख्रिस्ती अर्थ: कार्डावर काय लिहावं?

सूरसागरकाठ: फतेगंजमध्ये 24 डिसेंबरला नाताळच्या मिठायांचं टेबल मांडायचंय. येणारे बहुतेक मराठी-गुजराती, त्यामुळे प्रत्येक मिठाईपुढे तिचा धार्मिक अर्थ सांगणारं कार्ड हवं. यादीत श्टोलन (सुक्या मेव्याचा जर्मन गोड पाव), प्लम पुडिंग (सुक्या मेव्याचं इंग्रजी पुडिंग), कँडी केन (वाकड्या काठीच्या आकाराची पट्टेदार गोळी), कलकल (मैद्याचे तळलेले गोड शंख). श्टोलन ओव्हनमध्ये पसरतो, घडी दिसतच नाही. शिवाय बडोद्यात रम-ब्रँडीचा प्रश्नच नाही, मग मेवा कशात भिजवावा? आणि नेटवरचे कुठले अर्थ खरे धरावेत?

मैदा_यीस्ट: घडी जाते ती बहुधा पीठ सैल झाल्यामुळे. 500 ग्रॅम मैद्याला 160 मिलीच्या वर दूध नको, पुढे 200 ग्रॅम लोणी पडायचंय. 150 ग्रॅम मैदा, सगळं कोमट दूध आणि 10 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट कालवून पाऊण तास फुगू द्या. मग उरलेला मैदा, 70 ग्रॅम साखर आणि मऊ लोणी, वितळलेलं नव्हे. पिवळं खारं लोणी असेल तर मीठ वगळा. 250 ग्रॅम बेदाणे, 80 ग्रॅम पाकवलेली संत्र्याची साल आणि 75 ग्रॅम बदामाचे काप अगदी शेवटी. बेदाणे रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवा, पण तासभर चाळणीत निथळून फडक्याने टिपा. निम्मी पसरापसर ओल्या बेदाण्यांची असते.

तासभर पीठ विसावलं की लांबट लाटा, जाडी दोन बोटं. मधोमध लाटण्याने खळगा दाबून असं दुमडा, की वरचा काठ खालच्यापेक्षा दोन सेंटीमीटर मागे राहील. बाळंत्यात गुंडाळलेला बाळ येशू हा अर्थ या दुमडीवरून आणि वरच्या पांढऱ्या साखरेवरून लावतात. काठ जुळवलेत तर मोठी करंजी दिसेल. 20 मिनिटं फ्रिजमध्ये, मग 170 अंशांवर 45-50 मिनिटं. वर आलेले बेदाणे आधीच काढून टाका, जळून कडू होतात.

जुनी_वही: कार्डावर लोण्याची गोष्टही येऊ द्या, मला तरी ती प्रतीकापेक्षा रंजक वाटते. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे काही आठवडे, उपवासाचा, म्हणून जर्मनीतल्या सॅक्सनीत श्टोलन तेलावर व्हायचा. लोण्याची परवानगी पोप आठवे इनोसंट यांनी 1491 मध्ये दिली.

पुडिंगचे 13 जिन्नस म्हणजे येशू आणि त्याचे बारा प्रेषित (मुख्य शिष्य). आकडा जुळवायचा तर दालचिनी, लवंग, जायफळ वेगवेगळे मोजा. ढवळायचं पूर्वेकडून पश्चिमेकडे, कारण बाळ येशूच्या दर्शनाला ज्ञानी लोक पूर्वेकडून आले. वरची हॉलीची (काटेरी पानांच्या झुडपाची) डहाळी म्हणजे येशूचा काट्यांचा मुकुट. हॉली इथे मिळत नाही म्हणून नर्सरीतलं 'क्राउन ऑफ थॉर्न्स' खोचू नका, त्याचा चीक विषारी असतो. बदामाच्या मार्झिपानची हिरवी पानं करा. ब्रँडीच्या ज्वाळेऐवजी कापूर पेटवायचा मोह होईल. काजळी आणि वास दोन्ही पुडिंगला लागतात.

कँडी केनचं मात्र जपून. उलटा 'जे' येशूचा, लाल पट्टे रक्ताचे, ही कथा अलीकडची आहे. पट्टेच मुळी 1900 च्या आसपास आले. मेंढपाळाची काठी म्हणा, तेही 'असं मानतात' जोडून.

खंडेराव_मार्केट: काट्यावर वळलेल्या कलकलांना ओढूनताणून अर्थ चिकटवू नका, गोवा-वसईकडचा नाताळचा फराळ एवढंच लिहा. त्याऐवजी एक थाळी वाढवा, भाजायची भानगडच नाही. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये नाताळला 13 गोड पदार्थ मांडतात, तेही येशू आणि प्रेषितांचेच. त्यातले चार 'भिक्षेकरी' असतात, म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या चार संघांचे: सुके अंजीर फ्रान्सिस्कन, बदाम कार्मेलाइट, मनुका डोमिनिकन, अक्रोड ऑगस्टिनियन. त्या संन्याशांच्या झग्यांच्या रंगांवरून ही जुळणी. सगळं मार्केटात मिळेल.

सूरसागरकाठ: थाळी नक्की करतो. श्टोलनवर पिठीसाखर भुरभुरली की राखाडी डाग का पडतात?

मैदा_यीस्ट: गरमावर भुरभुरलीत म्हणून, ती विरघळते. गरम असताना 60 ग्रॅम वितळलेलं लोणी दोनदा लावा आणि साधी साखर पसरा. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखर चाळणीने जाड थरात. जर्मनीत कित्येक आठवडे मुरवतात तसं इथे करू नका. रम नाही आणि दुपारी आपल्याकडे डिसेंबरातही 28-30 अंश असतात. 18-19 तारखेला करून घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. 24 ला बाहेर काढलात की दोन-तीन तास गुंडाळी सोडू नका, नाहीतर गार पावावर दव धरतं आणि साखर पुन्हा चिकटते. शेवटचा हात पिठीसाखरेचा, मांडायच्या आधी.