आनंदवल्ली ते वसई: मुलूख सहीने गेला की तोफेने?

गोदाकाठी
सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय: इंग्रजांनी आपल्या भोळ्या राजांना फसवून मुलूख लिहून घेतला. मला हे अजिबात पटत नाही. भोळं कुणीच नव्हतं.

गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते ना, ती आनंदीबाईंच्या नावाची. माधवरावांशी बिनसलं की राघोबादादा इथे येऊन राहायचे. याच दादांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. मुंबईशेजारची साष्टी आणि वसई इंग्रजांना, बदल्यात पेशव्यांची गादी मिळवायला अडीच हजार फौज. गादी हातात नाही, पण मुलूख देऊन मोकळे! मुलगा बापाच्या पुढे गेला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला धूळ चारल्यावर दुसरा बाजीराव पळत वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला सही केली. कंपनीच्या सहा पलटणी कायमच्या पदरात (हीच तैनाती फौज), त्यांच्या खर्चापोटी २६ लाख वसुलीचा मुलूख कंपनीला, आणि निजाम-गायकवाडांशी वाद झाला तर निवाडा कंपनीचा.

गोम त्या २६ लाखांत आहे. पगार रोख द्यायचा असता तर थकवता आला असता, घासाघीस करता आली असती. मुलूखच तोडून दिल्यावर वसुली त्यांची, फौज त्यांची, आणि खर्च मात्र आपला. हे बाजीरावाला कळत नव्हतं असं म्हणू नका. त्याला पुण्याची गादी हवी होती, ती १३ मे १८०३ ला मिळाली. म्हणून म्हणतो, राज्य सहीने गेलं.

पंचवटीचे अण्णा
सही, सही काय लावलंय! सुरतेच्या तहाची तारीख तुम्हीच दिलीत, मार्च १७७५. साष्टीतला ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी कधी घेतला? डिसेंबर १७७४ मध्ये. म्हणजे साष्टी आधीच घशात घातली होती, राघोबाकडून फक्त पावती फाडून घेतली.

पुढची गंमत ऐका. तो सुरतेचा तह कंपनीच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने नामंजूर केला आणि १७७६ ला पुरंदरला नवा तह केला. तह रद्द झाला, साष्टी परत आली का? नाही. मग १७७९ ला वडगावात मराठ्यांनी इंग्रज फौज कोंडली आणि त्यांच्याकडून लिहून घेतलं की १७७३ नंतर घेतलेलं सगळं परत देऊ. इंग्रज सुखरूप मुंबईला पोचले आणि तो कागद धुडकावला. का, तर तिथल्या अधिकाऱ्यांना असा तह करायचा अधिकारच नव्हता म्हणे! राघोबाला होता वाटतं? शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. ज्याच्याकडे तोफ, त्याचा कागद खरा.

मखमलाबादी
अण्णा जोरात आहेत आज.
पण एक खटकतं. उदगीरला १७६० मध्ये निजामाला हरवून आपण साठेक लाखांचा मुलूख तहातच घेतला होता की. तेव्हा तह म्हणजे मुत्सद्देगिरी, आणि आपला गेला की दरोडा? (आनंदवल्लीच्या ट्रॅफिकवर पण कुणीतरी तह करा राव.)

चांदवडची लेक
तुम्ही सगळे नाशिक-पुणेच धरून बसलाय. आमच्या चांदवडचं बघा. पेशव्यांचं नाही, होळकरांचं गाव. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज मोडली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला तह. सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सगळा मुलूख कंपनीला, त्यात खानदेशासकट आमचं चांदवडही आलं. मंदसोर कुठे, चांदवड कुठे! गादीवरचे दुसरे मल्हारराव तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. तुळसाबाई कारभार बघायच्या, त्यांना लढाईच्या आदल्याच दिवशी स्वतःच्या फौजेतल्या लोकांनी मारलं होतं.

गोदाकाठी दादा, या पोराचीही "सही" धरायची का? बाजीरावाला हाव होती हे मान्य. इथे कोण काय मागत होतं?

मखमलाबादी, उदगीरचा मुद्दा बरोबर आहे. पण निजामाच्या दरबारात आपण रेसिडेंट, म्हणजे आपला कायमचा वकील, बसवून त्याने कुणाला नोकरीत ठेवायचं ते ठरवत नव्हतो. वसईच्या तहात तेही कलम होतं, इंग्रजांशी वैर असलेल्या देशाचा युरोपीय ठेवायचा नाही. नुसता मुलूख गेला तर परत घेता येतो. पुरंदरच्या तहात १६६५ ला महाराजांनी २३ किल्ले दिले, १६७० पासून एकेक परत घ्यायला लागले, कारण फौज आपली होती. तैनाती फौजेने तीच वाट बंद केली.

गोदाकाठी
ताई, मंदसोरवर माझ्याकडे उत्तर नाही. साष्टीचंही अण्णांचं मान्य. पण अण्णा, तोफच सगळं होती तर इंग्रज दरवेळी कागद का करत होते? फुकट हौस? कागदामुळे एका घराला दुसऱ्यापासून तोडता येतं. वसईच्या तहावर शिंदे-भोसले चिडले, १८०३ ला लढले. होळकर मात्र तेव्हा बाजूला राहिले. डिसेंबरात देवगावच्या तहात भोसल्यांचा कटक प्रांत गेला, पाठोपाठ सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांचा गंगा-यमुनेमधला दुआब. होळकर लढायला उतरले १८०४ मध्ये, एकटे. तोफ प्रत्येकाकडे होती हो, आपापली.

पंचवटीचे अण्णा
हे मात्र बरोबर बोललात.
तरी जाता जाता एक. ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमला शरण गेला, वर्षाला ८ लाखांचं पेन्शन घेऊन कानपूरजवळच्या बिठूरची वाट धरली. मालेगावच्या किल्ल्यातले अरब शिपाई त्यानंतरही दहाएक दिवस लढत होते. महिनाभर वेढा चालला होता तो. तुमच्या त्या फॉरवर्डमध्ये हे आहे का बघा.

गोदाकाठी
नाही. त्यात बाजीरावाचंच नाव पहिला बाजीराव म्हणून टाकलंय, फोटोसकट.